नवे ग्राफिक्स कार्ड आणि सीआरटी मॉनिटरवरील लुकलुक

सीआरटी मॉनिटरवरील लुकलुक म्हणजे पडद्यावरील चित्र स्थिर न राहता सतत फडफडत असल्याचे जाणवणे. जुन्या संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसविल्यावर ही लुकलुक एकाएकी सुरू होते व कार्डच सदोष असल्याचा समज होतो. पुष्कळदा कार्ड निर्दोष असते. मॉनिटरची क्षमता त्याला कळलेली नसते.

कारण

सीआरटीमधील इलेक्ट्रॉन शलाका पडद्यामागील फॉस्फरच्या लेपावर ओळीमागून ओळ रेखीत जाते. लेपाचा प्रकाश लगेच मावळत असल्याने संपूर्ण चित्र दर सेकंदाला अनेक वेळा पुन्हा काढावे लागते. या संख्येस रिफ्रेश दर म्हणतात व तो हर्ट्झमध्ये मोजतात. ६० हर्ट्झला, विशेषतः पांढऱ्या पार्श्वभूमीवर, अनेकांना लुकलुक जाणवते. ७५ ते ८५ हर्ट्झला ती सहसा जाणवत नाही.

१९८७ साली आयबीएमने आणलेल्या व्हीजीएमधील ६४० × ४८० चे चित्र ६० हर्ट्झचे होते. हा दर जवळजवळ सर्व मॉनिटरना झेपतो, म्हणून मॉनिटरची ओळख न पटल्यास ड्रायव्हर तोच निवडतो. ओळख पटविण्यासाठी व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये डीडीसी ही पद्धत आणली. तीनुसार मॉनिटर आपली क्षमता कार्डाला स्वतः कळवतो. त्यापूर्वीच्या मॉनिटरमध्ये ही सोय नाही. नंतरच्या मॉनिटरची माहिती व्हीजीए केबलच्या १२ व १५ क्रमांकाच्या पिनांवरून जाते. स्वस्त केबलमध्ये वा अडॅप्टरमध्ये त्या जोडलेल्या नसतील, तर चित्र उत्तम दिसते पण ओळख पटत नाही. जुन्या कार्डासाठी कोणीतरी कधीकाळी निवडून ठेवलेला ८५ हर्ट्झचा दर नव्या ड्रायव्हरबरोबर नाहीसा होतो, एवढेच घडलेले असते.

उपाय

विंडोज एक्सपीमध्ये डिस्प्ले प्रॉपर्टीजमधील सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड व मॉनिटर या क्रमाने जाऊन दर बदलता येतो. यादीत केवळ ६० हर्ट्झ दिसत असल्यास प्रथम केबल बदलून पाहावी किंवा मॉनिटरच्या निर्मात्याची माहिती-फाइल स्थापित करावी. न झेपणारे पर्याय लपविणारी खूण काढून मोठा दर लादणे मात्र धोक्याचे आहे. मर्यादेबाहेरचा संकेत आल्यास नंतरचे मॉनिटर केवळ सूचना दाखवतात; अगदी जुन्यांच्या आडव्या रेखनाच्या परिपथाला इजा होऊ शकते.

मर्यादा आडव्या वारंवारतेवरून ठरते. १०२४ × ७६८ च्या चित्रात अदृश्य ओळी धरून ८५ हर्ट्झला ८०८ ओळी असतात. म्हणजे सुमारे ६८.७ किलोहर्ट्झ लागतात. ५० किलोहर्ट्झपर्यंतच चालणाऱ्या मॉनिटरवर या आकाराला ६० हर्ट्झच शक्य आहेत. तेथे ८०० × ६०० चा आकार घेतल्यास ७५ हर्ट्झला ४६.९ किलोहर्ट्झ पुरतात. चित्र थोडे ढोबळ होते, पण डोळ्यांना ते अधिक सुसह्य असते.

दर वाढवूनही चित्र संथपणे डुलत असेल, तर ती लुकलुक नव्हे. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र ६० हर्ट्झच्या चित्राला सेकंदाला दहा हिसके देते, तर ५० च्या जवळपासच्या दराला हेच हिसके संथ डुलण्यासारखे दिसतात. अशा वेळी स्टॅबिलायझर किंवा स्पीकर मॉनिटरपासून दूर ठेवावा. एलसीडी मॉनिटरवर ६० हर्ट्झचा दर योग्यच असतो. तेथील लुकलुकीचे मूळ बहुधा पडद्यामागील दिव्यात किंवा वीजपुरवठ्यात सापडते.