हरण्याची तीव्रता कशी ठरते

केळीवरचा हरण्या रोग सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) या विषाणूमुळे होतो. जळगावच्या रावेर-यावलपासून धुळ्याच्या शिरपूरपर्यंत पसरलेल्या केळीपट्ट्यात मृग बागेला त्याचा धोका अधिक. कोवळ्या पानावर शिरांलगत तुटक पिवळे पट्टे उमटतात, पान अरुंद होतं, कडा मुरडतात. पुढे पोंगा सडतो. झाड तगलं तरी घड नीट भरत नाही. मात्र एकाच ओळीत एक झाड पोंग्यापासून सडतं आणि शेजारच्याचं चार पिवळ्या रेघांवर भागतं.

या फरकाचं एक कारण विषाणूतच असतं. त्याचा जनुकीय ऐवज आरएनएच्या तीन तुकड्यांत विभागलेला आहे. एकाच झाडात विषाणूचे दोन वाण शिरले, तर तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसराच वाण निपजू शकतो. शिवाय काही वाणांसोबत आरएनएचा एक परावलंबी तुकडा येतो. तो बहुधा रोग सौम्य करतो, पण काही प्रकार टोमॅटोचं झाडच मारतात. १९७२ मध्ये फ्रान्सच्या अल्सास भागात तसं घडलं. भारतातल्या केळीवरचे बहुतेक नमुने ‘आयबी’ उपगटात मोडतात. हे वर्गीकरण बहुधा विषाणूच्या आवरणाच्या जनुकावरून होतं. त्यातून विषाणूचं कूळ कळतं, जोर कळेलच असं नाही. कारण झाडाची प्रतिकारयंत्रणा दाबणाऱ्या प्रथिनाचं जनुक वेगळ्याच तुकड्यावर असतं.

दुसरं कारण हवामान. ढगाळ, पावसाळी, थंड हवेत लक्षणं उफाळतात. ऊन तापलं की नवी पानं स्वच्छ निघतात, विषाणू मात्र आतच राहतो. शिवाय लागवडीनंतर पहिल्या काही महिन्यांत लागण झालेल्या झाडाला सर्वाधिक फटका बसतो. म्हणून एकाच दिवशी बाग फिरून केलेली नोंद फसवी ठरते. खुणा केलेली तीच झाडं पुन्हा पुन्हा पाहून, लागवडीची तारीख आणि तापमान टिपून तीव्रतेचे गुण द्यावे लागतात. एलायझा किंवा पीसीआर चाचणीने विषाणू आहे की नाही ते समजतं. विषाणूच्या वाणांचा जोर तोलायचा तर कीटकरोधक जाळीत एकाच वयाच्या रोपांवर त्यांची लागण करून पाहणं भाग आहे.

बागेत रोग पसरवतो मावा, त्यातही कपाशीवरचा. बाधित काकडीवर्गीय वेल, मिरची किंवा केना तणावर क्षणभर सोंड टोचली तरी त्याला विषाणू मिळतो. औषधाने मावा मरेपर्यंत पुढच्या झाडाला लागण झालेली असते. लक्षणं ओसरलेल्या झाडाचे मुनवेही रोग पुढे नेतात. टिशू रोपांसाठी मातृझाड निवडताना त्यामुळेच नजरेवर विसंबता येत नाही; २००६ पासूनच्या राष्ट्रीय प्रमाणीकरण योजनेत विषाणू-चाचणी त्यासाठीच आहे.