सायकल जुनी घ्या, पण मापाची घ्या

जानेवारी 2026मध्ये पुणे ग्रँड टूरचे सायकलपटू मुळशी-मावळातून गेले आणि अनेक घरांत 'आपणही एक घेऊया' हा विषय निघाला. ती शर्यत डांबरी रस्त्याची होती. मावळात राहणाऱ्याला मात्र माउंटन बाइकच हवी. लोणावळ्याहून तुंगार्लीवरून राजमाचीकडे निघालं की थोड्याच वेळात डांबर संपतं आणि सुटे दगड, ओढ्यांची पात्रं, लाल माती सुरू होते. नवी चांगली एमटीबी महाग पडते, म्हणून नजर सेकंडहँडकडे वळते. लॉकडाऊनमध्ये हौसेने घेतलेल्या कितीतरी सायकली तळेगावच्या बाल्कन्यांत आणि लोणावळ्याच्या बंगल्यांत धूळ खात उभ्या आहेत. घेणारा गिअर, ब्रेक, शॉकअप सगळं दाबून, फिरवून बघतो. माप मात्र विचारत नाही. खरं तर सगळ्यात आधी तेच विचारायला हवं. चेन, टायर, ब्रेक पुढे बदलता येतात, फ्रेम मोठी-लहान करता येत नाही.

विचारलं तरी उत्तर मिळतं, "26ची आहे." हा झाला चाकाचा आकडा. 26, 27.5 आणि 29 ही चाकाची मापं. त्यावरून सायकल आपल्या उंचीची आहे का, हे कळत नाही. फ्रेमचं माप वेगळं असतं: 15, 17, 19 इंच किंवा स्मॉल, मीडियम, लार्ज. पायडलच्या आसापासून सीटखालची नळी जिथे संपते तिथपर्यंतची ही लांबी. काही कंपन्या ती नळीच्या टोकापर्यंत मोजतात, काही आडव्या दांडीच्या जोडापर्यंत. म्हणून '17 इंची' लिहिलेल्या दोन सायकली प्रत्यक्षात सारख्या असतीलच असं नाही.

माझं तर स्पष्ट मत आहे की या आकड्याला फार भाव देऊ नये. माउंटन बाइकची दांडी मागे उतरती असते, त्यामुळे सीटची नळी आखूड ठेवून सीट हवी तेवढी वर काढता येते. उंचीचा प्रश्न असा सुटतो. लांबीचा, म्हणजे तुमच्या कमरेपासून हँडलपर्यंतच्या अंतराचा प्रश्न तसाच राहतो. हे ज्याने बाजाराला पटवलं तो गॅरी फिशर. कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायसच्या परिसरात 1976मध्ये 'रिपॅक' नावाची उताराची शर्यत सुरू झाली. जुन्या, जड, जाड टायरच्या सायकली घेऊन पोरं डोंगर उतरायची. उतार असा, की मागच्या हबमधलं ग्रीस ब्रेकच्या उष्णतेने जळून जायचं आणि दरवेळी ते नव्याने भरावं लागायचं. शर्यतीचं नाव त्यावरूनच पडलं. तिथला 4 मिनिटं 22 सेकंदांचा विक्रम फिशरचा. त्याच माणसाच्या नावाच्या सायकलींनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आडवी दांडी लांब आणि हँडलचा स्टेम आखूड केला. तीव्र उतारावर माणूस हँडलवरून पुढे फेकला जाऊ नये, हा त्यामागचा विचार. सगळ्या कंपन्या त्या वाटेने गेल्या, पण सावकाश. 2010च्या सुमारास मीडियम फ्रेमचा 'रीच', म्हणजे पायडलच्या आसापासून हँडलखालच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर, साधारण 40-41 सेंटीमीटर असायचा, आज तो 44-46 आहे. म्हणजे जुनी मीडियम आणि नवी मीडियम या दोन वेगळ्या सायकली आहेत. सेकंडहँड घेणाऱ्याने हे पक्कं लक्षात ठेवावं.

हा रीच विक्रेत्याच्या दारातच मोजता येतो. सायकल सपाट जमिनीवर सरळ धरून मागचं चाक भिंतीला टेकवा. भिंतीपासून पायडलच्या आसाच्या मध्यापर्यंतचं आडवं अंतर मोजा, मग भिंतीपासून हँडलखालच्या हेड ट्यूबच्या वरच्या टोकाच्या मध्यापर्यंतचं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की झालं.

त्यानंतर दांडीवरून पाय टाकून उभे राहा. दांडी आणि जांघ यांत किमान पाच सेंटीमीटर मोकळी जागा हवी. राजमाचीच्या वाटेवर दगडात चाक अडकून पाय अचानक टेकावा लागतो, तेव्हा या जागेची किंमत कळते. आकडा हवाच असेल तर भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, पायांत एक वही घट्ट वर ओढून धरा आणि जमिनीपासून वहीच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. ते माप 76 सेंटीमीटर आलं, तर 0.226ने गुणून 17.2 इंच, ही ढोबळ फ्रेम. सीटची उंची 0.883ने गुणून, म्हणजे पायडलच्या आसापासून 67 सेंटीमीटर. सुरुवात करायला एवढं पुरे.

आधीच्या मालकाला सायकल बसत होती का, हे सायकलच सांगते. सीट रेल्सवर अगदी पुढे ढकललेली असेल, तर त्याला हँडल लांब पडत होतं. सीटपोस्टवर किमान किती आत राहावं याची खूण असते. पोस्ट त्या खुणेच्या वर ओढलेला दिसला, तर फ्रेम लहान पडत होती. अशा सायकलची सीटची नळी आणि दांडी यांचा जोड नीट तपासा, बारीक चीर तिथेच पडते. अ‍ॅलन की घेऊन पोस्ट सैल करून हलवूनही बघा. मावळातल्या पावसात भिजून पडलेल्या सायकलींचे पोस्ट जाम होतात, आणि मग मापाचा सगळा हिशोब फुकट जातो.

मुलांच्या बाबतीत आपण वाढत्या अंगाचा सदरा घेतो तशी सायकल घेतो. हे कृपया थांबवा. बावीस इंची सायकलवर हाफ पायडल मारत शिकलेल्या पिढीला यात वावगं वाटत नाही, पण ती पिढी गावातल्या सपाट रस्त्यावर शिकली. लोहगडवाडीचा उतार मोठ्या सायकलवरून उतरणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाचे पाय जमिनीला पोहोचत नसतील, तर ब्रेक कितीही चांगले असोत, तो पडणार.

दोन मापांच्या मध्ये अडकलात तर मावळासाठी लहान घ्या. लहान सायकलला स्टेम एक-दोन सेंटीमीटर लांब लावता येतो, सीट वर काढता येते. मोठीची दांडी खाली आणता येत नाही. जाताना मोजपट्टी आणि अ‍ॅलन की खिशात ठेवा, आणि विक्रेता मोजू देत नसेल तर ती सायकल सोडून द्या.