वायूंची उष्णतावाहकता : दाब, तापमान आणि मापनातील अडचणी

पदवी वर्गाला वायूंचा गतिक सिद्धांत शिकविताना आपण फळ्यावर लिहितो की, वायूची उष्णतावाहकता त्याच्या दाबावर अवलंबून नसते. पुढे पदव्युत्तर वर्गात तोच विद्यार्थी निर्वात यंत्रणेवर काम करू लागतो. कोल्हापुरात पातळ पटलांवरील संशोधनाची परंपरा जुनी असल्याने अशी वेळ येथील अनेक विद्यार्थ्यांवर येते. तेथे पिराणी दाबमापक त्याला नेमके उलट सांगतो : तापलेल्या तारेतून वायू किती उष्णता नेतो, यावरून दाब मोजता येतो. या दोन विधानांची सांगड वर्गात क्वचितच घातली जाते. ती घालणे आणि त्या अनुषंगाने मापनाच्या पद्धतीचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उष्णतावाहकता ही रेणूंची संख्याघनता, त्यांचा सरासरी वेग, सरासरी मुक्तपथ आणि विशिष्ट उष्मा यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. दाब निम्मा केला की उष्णता वाहून नेणारे रेणू निम्मे होतात. परंतु प्रत्येक रेणू दोन टकरींच्या दरम्यान दुप्पट अंतर कापतो. तोटा आणि लाभ एकमेकांस फेडतात. मॅक्सवेल यांनी १८६० मध्ये विष्यंदितेविषयी हेच अनपेक्षित भाकीत केले होते. उष्णतावाहकतेच्या बाबतीत व्हिएन्ना येथे स्टेफान यांनी १८७२ मध्ये एकात एक बसविलेल्या दोन नळकांड्यांच्या साहाय्याने हवेचे विश्वसनीय मापन केले.

मात्र या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले आहे. मुक्तपथ हा पात्राच्या मापापेक्षा पुष्कळ लहान असला पाहिजे. सामान्य वातावरणीय दाबाला हवेतील मुक्तपथ मिलिमीटरच्या सुमारे पंधरा हजाराव्या भागाइतका असतो. पारा स्तंभाच्या १ मिलिमीटर दाबाला तो सुमारे ०.०५ मिलिमीटर होतो, म्हणजे ०.१ मिलिमीटर व्यासाच्या तारेच्या त्रिज्येएवढा. येथून खाली तारेलगतचा वायू तारेच्या तापमानाला पोहोचत नाही. पृष्ठभागाशी तापमानात एक खंड पडतो. कुंट व वारबुर्ग यांनी १८७५ मध्ये याकडे लक्ष वेधले आणि १८९८ मध्ये स्मोलुकोव्स्की यांनी त्याचे विवेचन केले. दाब आणखी कमी झाला की रेणू एकमेकांवर न आदळता थेट भिंतीकडे जातात. मग वाहून नेलेली उष्णता केवळ रेणूंच्या संख्येवर, म्हणजेच दाबावर ठरते. पिराणी यांनी १९०६ मध्ये बर्लिनमधील विजेच्या दिव्यांच्या कारखान्यात काम करीत असताना आपला दाबमापक रचला, तो याच तत्त्वावर. हवेसाठी अंकित केलेला असा दाबमापक अरगॉन वायूत चुकीचे वाचन दाखवितो, ही गोष्टही येथे स्पष्ट होते.

आता प्रत्यक्ष मापनाकडे वळू. श्लायरमाखर यांनी १८८८ मध्ये वापरलेली तप्त तारेची पद्धत आजही शिकविण्यास सर्वांत सोयीची आहे. काचेच्या नळीच्या अक्षावर प्लॅटिनमची तार ताणून बसवायची, तिच्यातून प्रवाह सोडायचा आणि तिच्या रोधावरून तापमान काढायचे. रचना साधी आहे. अडचण ही की, तारेतून जाणारी सर्व उष्णता वायूतून वहनानेच जात नाही. समजा, तार २० सेंटिमीटर लांब व ०.१ मिलिमीटर व्यासाची, नळीचा आतील व्यास १० मिलिमीटर आणि तापमानातील फरक १० अंश आहे. हवेची वाहकता ०.०२६ वॅट प्रति मीटर प्रति केल्विन धरल्यास वहनाने सुमारे ०.०७ वॅट उष्णता जाते. प्लॅटिनमची उत्सर्जकता एक दशांश धरली तर प्रारणाने जाणारी उष्णता याच्या अर्धा टक्काच भरते. पुस्तकांत प्रारणावर भर असतो, पण खरा चोर तारेच्या टोकांशी बसलेला आहे. टोकांकडील जाड आधारांमुळे प्रत्येक बाजूची सुमारे ४ मिलिमीटर तार जणू निकामी होते, आणि त्यातून एकूण ४ टक्क्यांची चूक येते. उपाय म्हणजे वेगवेगळ्या लांबीच्या दोन तारा घेऊन त्यांच्या वाचनांतील फरक वापरणे. ६०० केल्विनला मात्र प्रारणाचा वाटा दोन-अडीच टक्क्यांवर जातो आणि मग तो दुर्लक्षिता येत नाही.

अभिसरणाचे निदान करण्यासाठी दाबासारखे साधन नाही. वाहकता दाबाने बदलत नाही, पण अभिसरणाची प्रवृत्ती घनतेच्या वर्गाप्रमाणे बदलते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवरील कोल्हापुरात वायुभारमापक ७१ सेंटिमीटरच्या आसपास असतो. त्यामुळे त्याच उपकरणात, त्याच तापमानाला ही प्रवृत्ती मुंबईपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने कमी भरते. वाहकता मात्र दोन्हीकडे तीच. दाब उतरवीत गेल्यावर वाचन घटले आणि मग एका सपाट टप्प्यावर स्थिरावले, तर आधीची वाढ अभिसरणाची होती असे समजावे. त्याही खाली पुन्हा घट दिसली, तर ती तापमानखंडाची. तेथे वाहून नेलेल्या उष्णतेचा व्यस्त दाबाच्या व्यस्ताशी आलेखित केल्यास सरळ रेषा मिळते आणि ती शून्यापर्यंत वाढवून खरी वाहकता काढता येते.

उच्च दाबाला नियम दुसऱ्या बाजूने मोडतो. नायट्रोजनची वाहकता खोलीच्या तापमानाला १०० वातावरण दाबापर्यंत साधारण पंधरा-वीस टक्क्यांनी वाढते. कार्बन डायऑक्साइडच्या क्रांतिक बिंदूजवळ, म्हणजे ३१ अंश सेल्सिअस व ७४ बार या परिसरात, ती अनेक पटींनी उसळते. मिशेल्स, सेंगर्स व व्हान डर गुलिक यांनी १९६२ मध्ये हे मोजून दाखविले.

तापमानाबाबत प्राथमिक सिद्धांत वाहकता निरपेक्ष तापमानाच्या वर्गमूळाप्रमाणे वाढेल असे सांगतो. त्यानुसार ३०० केल्विनला ०.०२६ असलेली हवेची वाहकता ६०० केल्विनला ०.०३७ व्हावी, प्रत्यक्षात ती ०.०४६ च्या आसपास आढळते. रेणूंमधील आकर्षणामुळे टकरींचे छेदक्षेत्र तापमानाबरोबर घटते, हे याचे मुख्य कारण. म्हणूनच निरनिराळ्या तापमानांची मापने ही रेणूंमधील बलांचा शोध घेण्याचे साधन ठरतात. भारतात कोलकात्यात श्रीवास्तव व बरुआ यांनी, तर जयपूरला सक्सेना व सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास व त्यानंतर निष्क्रिय वायूंवर आणि मिश्रणांवर जे काम केले, त्यामागील दृष्टी हीच होती.

आपल्या अभ्यासक्रमात मंदवाहकांसाठी ली यांच्या तबकडीचा प्रयोग असतो. वायूंसाठी बहुधा काहीच नसते. ज्या विभागात रोटरी पंप आहे, तेथे वरील मापाची नळी, व्हीटस्टन सेतू आणि पाऱ्याचा दाबमापक एवढ्यावर हा प्रयोग उभा राहू शकतो. विद्यार्थ्याने एकच वाचन न घेता ७१ सेंटिमीटरपासून १ मिलिमीटरपर्यंतची वाचने घ्यावीत. तीनही टप्पे त्याला एकाच आलेखावर दिसतील.