फॉरमॅट मारण्याआधी सी ड्राइव्ह उघडून बघा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे दुकानातला पीसी फॉरमॅट करायचा किंवा नवा घ्यायचा, हा विचार तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोक्यात असणार.

टेक्निशियन येतो आणि एकच प्रश्न विचारतो, "डेटा डी ड्राइव्हला आहे ना?" आपण बिनधास्त हो म्हणतो. गडबड तिथेच होते! डेस्कटॉपवरची कोटेशन्स, डाउनलोड्समधली जीएसटीची चलनं, डॉक्युमेंट्समधली उधारीची एक्सेल शीट, हे सगळं असतं सी ड्राइव्हमध्ये, 'यूजर्स'च्या आत तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये. हेच तुमचं यूजर प्रोफाइल. सी फॉरमॅट झाला की ते गेलं. आणि जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाचं रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावं लागतं. पीसी फॉरमॅट झाला, हे उत्तर तिथे चालणार नाही.

मग तो फोल्डर एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी केला की झालं? नाही. टॅलीप्राइमचा डेटा बहुतेक वेळा शेजारच्या 'पब्लिक' फोल्डरमध्ये असतो, तुमच्या नावाच्या नाही. त्यासाठी टॅलीमध्येच ऑल्ट + वाय दाबून बॅकअप घ्या.

दुसरं म्हणजे क्रोममधले पासवर्ड. ते तुमच्या विंडोज लॉगिनशी बांधलेले असतात, म्हणून नुसती फाइल उचलून दुसऱ्या पीसीवर टाकली तर उघडत नाहीत. एकतर गूगल अकाउंटला सिंक करा, नाहीतर पासवर्ड मॅनेजरमधून एक्स्पोर्ट करा. एक्स्पोर्टच्या फाइलमध्ये पासवर्ड उघडे दिसतात, काम झालं की ती लगेच उडवा. (डीएससीची काळजी नको, ती यूएसबी टोकनमध्येच असते. टोकन मात्र हरवू नका!)

वनड्राइव्ह आहे म्हणून निवांत राहू नका. तिथे फुकट मिळतात ५ जीबी, आणि पीसीवर डिलीट केलेली सिंक फाइल क्लाउडवरूनही डिलीट होते.

रिस्टोर करताना जुना अख्खा प्रोफाइल फोल्डर नव्यावर टाकू नका, त्यात विंडोजच्या सेटिंगच्या फाइल्स असतात आणि लॉगिनच बिघडू शकतं. डेस्कटॉपमधलं डेस्कटॉपमध्ये, डॉक्युमेंट्समधलं डॉक्युमेंट्समध्ये, असं एकेक न्या.

आणि टेक्निशियनला हो म्हणण्याआधी ती डिस्क दुसऱ्या पीसीला लावा. चार-पाच बिलं उघडून बघा, टॅलीचा बॅकअप रिस्टोर करून मागच्या मार्चचं लेजर काढा. ते निघालं, तरच फॉरमॅट करू द्या.