लायसन्स मिळालं, गिऱ्हाईक कुठाय?



गेल्या काही महिन्यांत निदान पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय. "आयटीचा काही भरवसा राहिला नाही. तू ते रिअल इस्टेटचं करतोस ना? आम्हालाही सुरू करायचंय, कसं करायचं सांग." प्रत्येकाला फोनवर तासभर तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच लिहून काढावं.

आधीच सांगतो, मी या धंद्यात मुरलेला माणूस नाही. दिवसा कंपनीचे डेटाबेस सांभाळतो, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी न्यू जर्सीत एडिसन-आयसेलिनच्या आसपास घरं दाखवतो. लायसन्स २०२२ च्या एप्रिलमध्ये मिळालं. आजवर अकरा व्यवहार झाले. पहिले चौदा महिने मात्र एकही झाला नाही, आणि जे काही शिकलो ते त्याच चौदा महिन्यांत. म्हणून त्याबद्दलच जास्त लिहितो.

आधी व्हिसा बघा

बरेच जण इथेच घसरतात. एच-वन-बी वर असाल तर ज्या कंपनीने व्हिसा काढला तिच्याशिवाय दुसरीकडे कमाईचं काम करता येत नाही. परीक्षा पास झालात तरी कमिशन घेणं म्हणजे परवानगीशिवाय काम करणं. "बायकोच्या नावावर करू" म्हणणाऱ्यांनी आधी बायकोला कामाची परवानगी आहे का ते पाहावं. एच-फोर वर असलेल्या काही जणांना २०१५ पासून ईएडी मिळतं, सगळ्यांना नाही. घर विकत घेऊन भाड्याने देणं ही गुंतवणूक झाली, ती एच-वन-बी वरही चालते. पण चार-पाच घरं घेऊन स्वतःच रोज त्यांचा कारभार बघायला लागलात तर प्रश्न येऊ शकतो. मी वकील नाही, तेव्हा तुमच्या इमिग्रेशन वकिलाला विचारूनच पाऊल टाका.

माझी प्रायॉरिटी डेट २०१४ ची. ऑक्टोबर २०२० मध्ये ईबी-थ्रीच्या तारखा एकदम पुढे सरकल्या, तेव्हा हजारो भारतीयांसारखी मीही धावपळ करून फाइल टाकली. पुढच्या वर्षी ईएडी आलं. दहा वर्षं एकाच खुंटीला बांधलेल्या बैलाला दोर जरा लांब मिळाला, म्हणून काहीतरी स्वतःचं करावंसं वाटलं. खरं कारण एवढंच.

लायसन्स हा सोपा भाग

प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. न्यू जर्सीत ७५ तासांचा कोर्स, मग परीक्षा, पास व्हायला ७० टक्के. आपण इंजिनियर माणसं, परीक्षेला थोडेच घाबरतो! पण लायसन्स मिळालं म्हणजे दुकान उघडता येत नाही. एखाद्या ब्रोकरच्या हाताखालीच काम करावं लागतं आणि कमिशनही आधी त्याच्याकडे जमा होतं. आणखी एक, प्रत्येक एजंट 'रिअल्टर' नसतो. नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्सचा सभासद असेल त्यालाच तो शब्द वापरता येतो.

आता हिशोब बघा. पाच लाखांचं घर, एजंटचं कमिशन अडीच टक्के धरलं तर साडेबारा हजार डॉलर. माझा वाटा सत्तर टक्के, म्हणजे ८,७५० डॉलर. त्यातून सभासदत्वाची वर्गणी, एमएलएसची फी, विमा, पेट्रोल. शिवाय नोकरीत सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा अर्धा भाग कंपनी भरते, इथे दोन्ही अर्धे आपलेच. पहिल्या वर्षी माझे सुमारे दोन हजार डॉलर खर्च झाले आणि मिळकत शून्य. तुमच्याकडे सहा महिने नुसतं देत राहण्याची तयारी नसेल तर सुरू करू नका.

त्यातून आमचा मुहूर्तही असा, की २०२२ च्या सुरुवातीला तीन-सव्वातीन टक्क्यांना मिळणारं तीस वर्षांचं कर्ज ऑक्टोबरपर्यंत सात टक्क्यांवर गेलं. घर घेणारे गप्प बसले.

कार्डं वाटली

मी मात्र गप्प बसलो नाही. पाचशे कार्डं छापून घेतली. त्या वर्षीच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभ्या माणसांना कार्डं दिली. मुलांच्या वाढदिवसाला गेलो की तिथे बाबा लोकांच्या घोळक्यात व्याजदराचा विषय मीच काढायचो. कोणी म्हणालं "आम्हाला दुसरं मूल होणारंय", की माझ्या डोक्यात पहिला विचार, यांना आता तीन बेडरूमचं घर लागेल. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच सांगतो.

सगळे छान छान म्हणायचे. "अरे वा! घ्यायचं झालं की तुलाच फोन." फोन कोणाचाच यायचा नाही.

नोव्हेंबरमध्ये एका मित्राकडून वास्तुशांतीचं आमंत्रण आलं. हा साधासुधा मित्र नव्हे. सांगलीला हॉस्टेलमध्ये चार वर्षं एका खोलीत राहिलो, इथे आलो तेव्हा त्याच्याच अपार्टमेंटमध्ये तीन महिने जमिनीवर गादी टाकून झोपलो. त्याने घर घेतलं, माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर, आणि मला कळलं ते आमंत्रणातून. एजंट कोण तर कोणी अनोळखी माणूस, इंटरनेटवर शोधलेला.

गेलो. पूजेला बसलो, जेवलो, घर बघून "मस्त आहे" म्हणालो. परत येताना गाडीत बायकोजवळ सगळा राग काढला. तिने शांतपणे विचारलं, "तू त्याच्याकडे नुसत्या गप्पा मारायला शेवटचा कधी गेला होतास?" मला आठवेना. पुढे म्हणाली, "लोक आपल्याला टाळायला लागलेत. तुझ्या लक्षात आलं नाही, माझ्या आलंय."

तीन-चार आठवड्यांनी त्याच्याकडे गेलो, खिशात कार्ड न ठेवता. चहा झाल्यावर त्यानेच विषय काढला. म्हणाला, "रागावलायस ना? हे बघ, घर घ्यायचं म्हणजे एजंटला सगळं उघडं करून दाखवावं लागतं. माझा पगार किती, बाबांच्या ऑपरेशनला काढलेलं कर्ज किती, हिच्या नावावर काय. परक्याला दाखवताना काही वाटत नाही. तुला दाखवलं असतं तर प्रत्येक वेळी आपण भेटल्यावर मला वाटत राहिलं असतं, की याला माहितीये. आणि तुझं काम नाही आवडलं, तर तुला मी काढणार कसा?"

मी निरुत्तर झालो. माझ्या मते मी त्याला मदत देऊ करत होतो. त्याच्या बाजूने बघितलं तर मी मैत्रीत एक अडचण आणून ठेवली होती.

मग गिऱ्हाईक येतं कुठून?

त्या दिवसापासून नियम केला. जवळच्या मित्रांना घराबद्दल मी आपणहून एक अक्षर विचारणार नाही. त्यांनी विचारलं तर उत्तर देईन, हवं तर दुसऱ्या चांगल्या एजंटचं नाव सुचवीन. जवळच्यांपेक्षा त्यांच्या ओळखीतली माणसं कामाला येतात. ती तुम्हाला थोडी ओळखतात, पण तुमच्यासमोर त्यांना संकोच नसतो.

दुसरं, ऑफिसातल्या जुन्या माणसांची कामं करायची. आमच्या ब्रोकरकडे सत्तरीच्या एक बाई आहेत, तीस वर्षं या धंद्यात. त्यांना रविवारच्या ओपन हाऊसला दारात उभं राहायला माणूस हवा असायचा. मी जायला लागलो. एक पैसा मिळत नव्हता. पण घर कसं बघायचं ते मी त्यांच्याकडून शिकलो. तळघरात शिरल्यावर आधी वास घ्यायचा, भिंतीवरच्या नव्या रंगाखाली पाण्याची रेघ आहे का बघायचं, वॉटर हीटरवरची तारीख वाचायची.

फेब्रुवारी २०२३ मध्ये अशाच एका पावसाळी रविवारी एक जोडपं आलं. दोघंही हॉस्पिटलात नोकरीला, मूळचे फिलिपिन्सचे. ते घर त्यांना आवडलं नाही, पण बोलणं झालं आणि मी त्यांना दुसरी घरं दाखवू लागलो. सातव्या घरावर ऑफर मान्य झाली. न्यू जर्सीत करारावर सह्या झाल्यावर वकिलाला तपासायला तीन कामाचे दिवस मिळतात. तेही पार पडलं. माझ्या डोक्यात पहिल्या चेकची रक्कम तयार होती.

घर १९५० च्या दशकातलं. इथल्या जुन्या घरांत पूर्वी तेलावर हीटिंग चालायचं आणि तेलाची टाकी अंगणात पुरलेली असायची. पुढे गॅस आला, पण कित्येक टाक्या जमिनीतच राहिल्या. ती गंजून गळली तर माती साफ करायचा खर्च दहा-वीस हजारांपासून कुठेही जाऊ शकतो, आणि घराचा विमा बहुधा तो देत नाही. घरमालक म्हणत होता टाकी नाही. नेहमीच्या इन्स्पेक्शनमध्ये ही तपासणी नसते. काही शे डॉलर देऊन वेगळा माणूस बोलवावा लागतो. जोडप्याचा हात आखडता होता. तपासणी मागितली नसती तर कोणी मला दोष दिला नसता. दोन दिवस विचार केला, हेही खरं सांगतो. मग त्यांना करून घ्यायला सांगितलं.

टाकी निघाली. मालक ती काढायला तयार होईना, व्यवहार मोडला. पुढे दोन महिने घर मिळेना, तो चेक जूनमध्ये आला, अपेक्षेपेक्षा लहान घराचा. पण त्या दोघांनी पुढे हॉस्पिटलातली तीन कुटुंबं माझ्याकडे पाठवली. माझ्या अकरापैकी चार व्यवहार त्यांच्या साखळीतले. गणपतीत वाटलेल्या कार्डांतून आजवर एकही नाही.

तिसरं, प्लंबर, इन्स्पेक्टर, वकील, कर्ज देणारा, यांच्याशी ओळख वाढवा. पण इथे एक काळजी घ्या. सुरुवातीला एकाने मला गिऱ्हाईक पाठवण्याबद्दल दरडोई पैसे देऊ केले होते. कर्ज, टायटल अशा कामांत गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल पैसे घ्यायला १९७४ च्या रेस्पा कायद्याने बंदी आहे. तसंच, ज्याच्याकडे लायसन्स नाही अशा मित्राला "तू गिऱ्हाईक आण, अर्धं कमिशन तुझं" म्हणता येत नाही.

"आपली माणसं किती आहेत?"

आपल्याकडचा प्रत्येक जण हा प्रश्न विचारतो. एजंटने त्याचं उत्तर द्यायचं नसतं. १९६८ च्या फेअर हाऊसिंग कायद्यानुसार वंश, धर्म, मूळ देश बघून गिऱ्हाइकाला एखाद्या वस्तीकडे वळवणं बेकायदेशीर आहे, मग ते आपल्याच माणसाच्या सोयीसाठी का असेना. मी सांगतो, शनिवारी सकाळी त्या भागात चक्कर मारा, दुकानं बघा, बागेत बसा. शाळांचे अहवाल राज्य सरकार प्रसिद्ध करतं, ते वाचा. "भाडेकरू बघ, पण लहान मुलं असलेले नकोत" हेही ऐकून घेता येत नाही. काही काका लोक यावर नाराज झाले. होऊ देत.

आणखी एक बदल. ऑगस्ट २०२४ पासून घर दाखवण्याआधीच गिऱ्हाइकाबरोबर लेखी करार करावा लागतो, त्यात आपली फी स्पष्ट लिहून. आपल्या लोकांत हा विषय काढायला अवघड जातं, पण त्यामुळे बरंच झालं. "कमिशनमधलं परत किती देणार?" हा प्रश्नही आता पहिल्याच दिवशी निघतो. न्यू जर्सीत घर घेणाऱ्याला काही भाग परत देता येतो, पण तो ब्रोकरमार्फत आणि लेखी.

ज्यांना फक्त गुंतवणूक करायचीय

दोनच गोष्टी. साडेतीन टक्के भरून दोन कुटुंबांचं घर घ्यायचं, एकात राहायचं, दुसरं भाड्याने द्यायचं, हा एफएचए कर्जाचा जुना मार्ग मे २०२५ पासून एच-वन-बी वाल्यांना बंद झालाय. साधं कन्व्हेन्शनल कर्ज मिळू शकतं. दुसरं, भाड्याच्या घरात कागदोपत्री तोटा दाखवून पगारावरचा कर वाचेल असं कोणी सांगितलं, तर लक्षात ठेवा की जोडप्याचं मिळून उत्पन्न दीड लाखाच्या वर गेलं की बहुतेकांना तो तोटा पगारातून त्या वर्षी वजा करता येत नाही. दोघं आयटीत असाल तर हिशोब त्याशिवाय करा. हॉटेलात भरणाऱ्या महागड्या सेमिनारमध्ये हे सांगत नाहीत.

असो. नमनाला घडाभर तेल झालं. आमचा तो मित्र आता महिन्यातून एकदा येतो, आम्ही क्रिकेट बघतो. मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला त्याचा फोन आला, तळघरात पाणी शिरलंय म्हणून. मी प्लंबरचा नंबर दिला आणि बूट घालून निघालो. दोघांनी मिळून बादल्यांनी पाणी काढलं. पंप अकरा वर्षांचा जुना होता. घर घेताना त्यावरची तारीख कोणी वाचली नव्हती. मी काही बोललो नाही.

कोणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. फोनवर भेटलो तर मी तुमच्या घराचा विषय काढणार नाही, ही खात्री बाळगा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.