आज्ञावलीची परीक्षा कोणी घ्यावी?

दोन संख्यांची बेरीज करणारी एक लहानशी आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, तुम्ही लिहिली आहे असे समजा. ती बिनचूक आहे हे कसे ठरवाल? ‘सगळ्या बेरजा करून पाहू,’ असे तुम्ही म्हणाल. पण प्रत्येक संख्या ३२ द्विमान अंकांची असेल, तर तिच्या सुमारे ४२९ कोटी किमती संभवतात. मग दोन संख्यांच्या जोड्या किती? ४२९ कोटी गुणिले ४२९ कोटी! सेकंदाला १०० कोटी बेरजा तपासल्या, तरी हे काम पुरे व्हायला सुमारे ५८५ वर्षे लागतील.

ही झाली साधी बेरीज. पत्र लिहिण्याच्या किंवा नकाशा दाखवण्याच्या आज्ञावलीची गोष्टच सोडा. चाचणीने दोष आहे हे दाखवता येते, दोष नाही हे दाखवता येत नाही, असे डच शास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६९ सालीच बजावले होते.

मग उपाय काय? आज्ञावली तयार करणारे आधी ती स्वतः तपासतात. त्यानंतर, प्रकाशनापूर्वी, ती बाहेरच्या लोकांना वापरायला देतात. हिला ‘बीटा आवृत्ती’ म्हणतात. प्रत्येकाचे यंत्र वेगळे, सवयी वेगळ्या आणि भाषाही वेगळी. म्हणून निर्मात्यांच्या नजरेतून सुटलेले दोष येथे सापडतात.

भाषेचे महत्त्व किती, ते पाहा. फेब्रुवारी २०१८ मध्ये असे आढळले, की तेलुगू लिपीतील ‘ज्ञा’ या अक्षराचा एक विशिष्ट संकेतक्रम आयफोनवर आला, की तो दाखवू पाहणारी आज्ञावलीच बंद पडे. ॲपल कंपनीने त्याच महिन्यात दुरुस्त आवृत्ती काढली. पण इंग्रजीतून कितीही चाचण्या घेतल्या असत्या, तरी हा दोष दिसला असता काय?

मराठीची परीक्षाही मराठी जाणणाराच घेऊ शकेल. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे शब्द लिहून पाहा. पहिले गुरुजी, दुसरे स्वयंपाकी! पडद्यावर व कागदावर हा फरक टिकतो का? शब्द शोधताना दोन्ही वेगळे सापडतात का?

लिबरऑफिस या मोफत आज्ञावलीच्या प्रकाशनपूर्व आवृत्त्या कोणालाही उतरवून घेता येतात आणि सापडलेला दोष कळवताही येतो. मात्र ‘मराठी नीट येत नाही’ एवढेच लिहिले, तर त्याचा उपयोग नाही. प्रयोगवहीत लिहिता तसे लिहा: आवृत्तीचा क्रमांक, संगणकाची माहिती, क्रमाने केलेल्या कृती, काय अपेक्षित होते आणि काय घडले. तीच कृती पुन्हा करून पाहा. लंबकाच्या प्रयोगात आपण लांबी बदलताना गोळा तोच ठेवतो ना? तसेच येथेही एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी फक्त टंक, मग फक्त शब्द. दोषाचे मूळ हळूहळू जवळ येईल.

एक सावधगिरी घ्या. अपुरी तपासलेली आज्ञावली दगा देऊ शकते. म्हणून महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत आधी दुसरीकडे ठेवा आणि शाळेचा संगणक असेल तर शिक्षकांची परवानगी घ्या.

तुम्ही नीट नोंदवलेला एक दोष दुरुस्त झाला, तर तुम्ही कधीही न पाहिलेल्या हजारो मराठी लेखकांची अक्षरे पडद्यावर सरळ उमटतील. मग करायची सुरुवात ‘आचाऱ्यां’पासून?