दिवा लागतो, पण पेंटबॉल सुटत नाही! बिघाड कुठे?

इलेक्ट्रॉनिक पेंटबॉल मार्कर चालू होतो, दिवा लागतो, पण ट्रिगर दाबूनही गोळी सुटत नाही. अशा वेळी अनेक खेळाडू थेट सर्किट बोर्डाला दोष देतात. बोर्ड महाग असतो आणि बहुतेकदा निर्दोषही.

पहिला संशय ९ व्होल्टच्या बॅटरीवर घ्यावा. दिव्याला अगदी थोडा करंट पुरतो. हवेचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या सोलेनॉइडला मात्र क्षणभर का होईना, बराच जास्त लागतो. त्यामुळे जुनी बॅटरी मल्टिमीटरवर ठीक दिसते आणि ट्रिगर दाबताच तिचा व्होल्टेज कोसळतो. मोजत बसण्यापेक्षा नवी अल्कलाइन बॅटरी घालून पाहणे सोपे.

मार्करला हात लावण्याआधी गॉगल घालून हॉपर आणि हवेची टाकी काढावी, आतला दाब पूर्ण सोडावा. नळीत गोळी उरलेली नाही ना, हेही पाहावे. यात घाई नकोच.

गोळी आत आल्याचे ओळखणारे इन्फ्रारेड सेन्सर, म्हणजे मार्करचे ‘डोळे’, बंद करून ट्रिगर दाबावा. ‘टिक’ असा आवाज आला, तर सोलेनॉइडपर्यंत वीज पोहोचते आहे. डोळे बंद असताना नेम नीट सुटत असतील आणि चालू करताच अडत असतील, तर सेन्सरवर बहुधा फुटलेल्या गोळीचा रंग साचलेला असतो. कापसाच्या काडीने तो पुसावा.

आवाजच नाही? मूठ उघडून वायर चिमटली आहे का, ट्रिगरमागचा मायक्रोस्विच दबतो का, ते तपासावे. शेवटी सोलेनॉइडचा प्लग काढून रोध मोजावा. मीटर काहीच दाखवत नसेल, तर कॉइल तुटली आहे. सोलेनॉइड बदलावा लागेल.